पाखराच्या पोटातला जंत आणि नदीतलं शिसं

  दुपारची भांडी आवरून, शेळ्यांना चारा टाकून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणी खुरपणीच्या ओळीत मोबाइलवर ऐकत असेल. गेल्या काही भागांत आपण गटाचे हिशोब, कर्जफेड, शेळीपालन असे विषय घेतले. आजचा विषय जरा निराळा आहे. उजनीच्या पाण्यावर येणारी पाखरं, त्यांच्या पोटातले जंत, आणि पाण्यातून येणारे शिसं, पारा यांसारखे जड धातू. तुम्ही म्हणाल, पाखरांच्या पोटातले जंत मोजून आम्हाला काय करायचंय? पण शेवटपर्यंत ऐका. ही गोष्ट फिरत फिरत आपल्या चुलीपर्यंत, आपल्या कोंबडीच्या खुराड्यापर्यंत आणि आपल्या लेकरांच्या ताटापर्यंत येते.

उजनी धरण तुम्हाला सांगायला नको. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी पसरलं ते आपल्या इंदापूर, दौंड आणि पलीकडे करमाळा, कर्जत या तालुक्यांत. आपल्यातल्या कितीतरी जणींची सासरची, माहेरची जुनी गावं त्या पाण्याखाली आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, ते आपण बघतोच. साठा एकूण ११७ टीएमसीच्या आसपास. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून तर उन्हाळ्यात आपल्याकडे म्हणतात, 'उजनी मायनसमध्ये गेली.'

पाणी उतरलं की काठाला गाळ उघडा पडतो. आणि त्या गाळावर पाखरांची पंगत बसते. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, तक्रारवाडी, पळसदेव या पट्ट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित येतात, ज्यांना आता सगळेच फ्लेमिंगो म्हणतात. चित्रबलाक येतात. भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर आणि इंदापुरात तहसील कचेरीजवळच्या चिंचांवर त्यांची घरटी लोकांनी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. शिवाय बगळे, पाणकावळे, शेकाटे, वारकरी, कुरव, चक्रवाक. या पाखरांच्या जिवावर आपल्या कितीतरी घरांत चार पैसे येतात. कुणाचा नवरा होडी चालवतो, कुणी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना मासळीचं ताट करून घालते, कुणी घरातली खोली मुक्कामाला देते. म्हणजे पाखरू आजारी पडलं तर त्याची झळ आपल्यालाही लागते.

आता हे पाणी येतं कुठून ते पाहू. पिंपरी-चिंचवडवरून पवना येते आणि मुळेला मिळते. पुण्यात संगमावर मुळा आणि मुठा एक होतात. पुढे ही मुळा-मुठा भीमेला मिळते. आळंदीवरून येणारी इंद्रायणीही तुळापूरला भीमेला मिळते. आणि भीमा दौंडवरून उजनीत. म्हणजे वरच्या शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी शेवटी आपल्या दारात थांबतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढतं. त्या यादीत मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी आणि भीमा या सगळ्यांची नावं आलेली आहेत.

सांडपाण्यातली बरीच घाण काळाने कुजते. शेणखत कुजतं तसंच. पण धातू कुजत नाही. बॅटरी, रंग, धातूला मुलामा देण्याचे कारखाने, जुन्या वस्तूंचा कचरा, अशा ठिकाणांहून शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा पाण्यात उतरतात. पाणी वाहतं असतं तोवर ते पुढे सरकतात. धरणात पाणी थांबलं की गाळाबरोबर खाली बसतात. दूध तापवताना साय वर येते, पण चहाची भुकटी तळाला बसते ना, तसं. दहा वर्षांनीही तो धातू तिथंच असतो. मग गाळातल्या अळ्या, शंख, शिंपले, किडे तो खातात. त्यांना मासा खातो. माशाला पाखरू खातं. पारा तर दर पायरीला वाढत जातो. म्हणून लहान किडा खाणाऱ्या पाखरापेक्षा मासे खाणाऱ्या पाखराच्या अंगात पारा जास्त सापडतो.

पाखराच्या अंगात गेलेला धातू काय करतो? शिसं मज्जातंतूंवर बसतं. पाखरू अशक्त होतं, पंख लोंबतात, खाणं सुटतं, रक्त कमी होतं. पाऱ्याने अंडी कमी उबतात, पिल्लं नीट वाढत नाहीत. पण पाखराचं शरीरही गप्प बसत नाही. धातू बाहेर टाकायच्या त्याच्या काही वाटा आहेत. एक वाट विष्ठेतून. दुसरी पिसांतून. नवीन पीस उगवत असताना रक्तातला पारा त्या पिसात बांधला जातो, आणि पीस झडलं की त्याच्याबरोबर निघून जातो. म्हणूनच शास्त्रज्ञ पाखराला न मारता त्याच्या पिसावरून पारा मोजतात. तिसरी वाट अंड्याची. मादीच्या अंगातला काही धातू अंड्यात उतरतो. म्हणजे आईचं ओझं थोडं हलकं होतं, पण ते पिल्लाच्या डोक्यावर जातं.

आता येऊ जंतांकडे. रानातलं पाखरू आणि पोटात जंत नाही असं फार क्वचित. जंत हे आयत्या बिळावरचे नागोबा. स्वतः कमवायचं नाही, दुसऱ्याच्या पोटात बसून खायचं. आंब्यावर बांडगूळ वाढतं तसंच. त्यांचे प्रकार बरेच. पट्टीसारखा लांब तो पट्टकृमी. दोऱ्यासारखा तो गोलकृमी. पानासारखा चपटा तो पर्णकृमी, जो आपल्या जनावरांच्या यकृतात होतो. आणि एक काटेरी तोंडाचा कृमी असतो, तो आतड्याला काट्यांनी घट्ट धरून राहतो.

यांचा प्रवास मोठा गमतीचा असतो. जंताची अंडी पाखराच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. तिथं एखादा बारीक पाणकिडा ती खातो. त्या किड्याला मासा खातो. माशाच्या पोटात जंत अर्धवट वाढतो. तुमच्यापैकी ज्या जणी मासे साफ करतात त्यांनी माशाच्या पोटात पांढऱ्या दोऱ्यासारखं किंवा गुंडाळीसारखं काहीतरी पाहिलं असेल. तेच हे. मग तो मासा बगळ्याने किंवा पाणकावळ्याने खाल्ला की जंत तिथं पूर्ण मोठा होतो, अंडी घालतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे जंत त्याच वाटेने प्रवास करतो ज्या वाटेने धातू येतो. किड्यातून माशात, माशातून पाखरात. एकाच गाडीतले दोन प्रवासी म्हणा ना.

आणि या दोन प्रवाशांची गाठ पाखराच्या आतड्यात पडते. तिथं काय होतं ते फार नवलाचं आहे.

खाल्लेलं शिसं आतड्यातून रक्तात जातं. रक्तातून यकृतात. यकृत ते पित्तात मिसळून पुन्हा आतड्यात सोडतं, म्हणजे शरीर ते बाहेर टाकायला बघतं. पण आतडं त्यातलं बरंचसं पुन्हा ओढून घेतं. असं ते आतल्या आत गोल गोल फिरत राहतं. आता त्या आतड्यात पट्टकृमी किंवा काटेरी तोंडाचा कृमी बसलेला असला तर? या दोन्ही प्रकारच्या जंतांना स्वतःचं आतडंच नसतं. ते अंगाच्या कातडीतूनच अन्न शोषतात. पित्त आलं की ते पित्तही शोषतात, आणि पित्ताबरोबर शिसंही. ते शिसं जंताच्या अंगात साठत जातं.

बर्न्ड स्युरेस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ वर्षं काम केलं आहे. युरोपातल्या नद्यांत चब नावाचा मासा असतो. त्याच्या पोटातल्या काटेरी तोंडाच्या जंतात शिशाचं प्रमाण माशाच्या मांसापेक्षा सुमारे २७०० पट निघालं. नीट ऐका, सत्तावीसशे पट. १९९९ साली त्यांनी असंही दाखवलं की असे जंत असलेल्या माशाच्या आतड्याच्या भिंतीत जंत नसलेल्या माशापेक्षा शिसं कमी होतं. म्हणजे घरातला कचरा जंताने आपल्याच खोलीत भरून घेतला होता.

दुसरी गोष्ट तर थेट रोहितांशी जोडलेली आहे. स्पेनमध्ये ओदिएल आणि तिंतो नावाच्या नद्या जिथं समुद्राला मिळतात, ती खाडी खाणींमुळे फार दूषित आहे. आर्सेनिकही तिथं पुष्कळ. तिथल्या मिठागरांत आर्टेमिया नावाची बारीक कोळंबी असते आणि ती रोहित खातात. रोहिताच्या पोटातला पट्टकृमी लहान असताना या कोळंबीत वाढतो. २०१६ साली तिथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की आर्सेनिक असलेल्या पाण्यात जंत असलेली कोळंबी जंत नसलेल्या कोळंबीपेक्षा जास्त तग धरते. जंत असलेल्या कोळंबीचा रंग लाल होतो, अंगात चरबी साठते, आणि ती पाण्याच्या वरच्या थरात येते.

ऐकायला वाटतं, किती उपकार केले जंताने! पण जरा विचार करा. जंताला कोळंबीची काळजी नाही. त्याला रोहिताच्या पोटात पोहोचायचं आहे. तोवर त्याची गाडी बंद पडता कामा नये, एवढंच. कोळंबी लाल होते आणि वर येते, म्हणजे रोहिताच्या चोचीत आयतीच सापडते. बकऱ्याला चारा घालून पोसावं, तसा हा प्रकार.

आता दुसरी बाजू. जिथं जंत आहेत तिथं पाखरू नेहमी वाचतंच, असं मुळीच नाही. जंत कोणता, धातू कोणता, पाखराला खायला पुरेसं मिळतंय की नाही, यावर सगळं ठरतं. पट्टकृमी आणि काटेरी तोंडाचे कृमी धातू भरपूर साठवतात. गोलकृमी त्या मानाने फार कमी. आणि जंत फुकट राहत नाहीत. ते पाखराचं अन्न खातात, आतड्याला जखमा करतात. अशक्त पाखराच्या अंगातली चरबी आणि मांस झडतं, यकृत लहान होतं, आणि त्यात असलेला धातू तेवढ्याच जागेत दाटतो.

शिवाय उलटंही घडतं. विषाने पाखराची रोगाशी लढायची ताकद कमी होते आणि मग जंत वाढतात. उत्तर ध्रुवाजवळ बेअर आयलंड नावाचं बेट आहे. तिथल्या मोठ्या कुरव पाखरांच्या अंगात कीटकनाशकांच्या जातीची टिकाऊ रसायनं जितकी जास्त, तितके पोटात गोलकृमी जास्त, असं संशोधकांना दिसलं. ती रसायनं धातूंपेक्षा वेगळी आहेत, पण धडा एकच. विष आणि जंत एकमेकांचा हात धरून येतात. एक अशक्त करतो, दुसरा त्याचा फायदा घेतो.

मग शास्त्रज्ञांना या जंतांचा उपयोग काय? तर मोजमापाचा. नदीच्या पाण्यात शिसं इतकं कमी असतं की कधी कधी यंत्रालाही पकडता येत नाही. पण जंताच्या अंगात ते साठून साठून दाट झालेलं असतं, म्हणून तिथं सापडतं. वीज बिलाचा आकडा एका दिवसाने कळत नाही, महिन्याचं मीटर बघावं लागतं. जंत हे तसं नदीचं मीटर आहे.

ही माहिती मी आमच्या एका गटाच्या बैठकीत सांगत होते. तेव्हा मागे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "ताई, जंत जर विष ओढून घेतात, तर मग पोरांना शाळेत जंताची गोळी कशाला देतात? असू द्यावेत की दोन-चार." सगळ्याजणी हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एवढं ऐकल्यावर कुणाच्याही मनात हे येईल. आणि अर्धवट माहिती गावात फिरायला लागली तर पोरं गोळी टाळायला निमित्त शोधतातच. म्हणून याचं उत्तर मी आज सविस्तर देते.

पहिली गोष्ट. धातू साठवतात ते पट्टकृमी आणि काटेरी तोंडाचे कृमी. आपल्या लेकरांच्या पोटात मातीतून जे जंत जातात ते बहुतेक गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. हे सगळे दोऱ्याच्या जातीचे. यांना तोंड असतं, आतडं असतं. धातू गोळा करायचं काम यांच्याकडून होत नाही. डुकराच्या पोटातला गोलकृमी आपल्या पोटातल्या गोलकृमीचा सख्खा भाऊ म्हणावा असा. त्यातही शिसं फारसं साठत नाही, असं तपासणीत दिसलेलं आहे. म्हणजे नुकसान सगळं, फायदा काहीच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. अनवाणी शेतात, परसात फिरताना तो पायाच्या कातडीतून आत शिरतो. त्याने अंगातलं लोह कमी होतं, रक्त कमी होतं. आणि अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं. कारण लोह ओढून घेणारी जी दारं आतड्यात असतात, त्याच दारांतून शिसंही आत घुसतं. लोहाची भूक लागलेलं शरीर दारं जास्त उघडतं, आणि चोर आत येतो. कॅल्शियम कमी असलं तरी असंच होतं. म्हणजे मुलांच्या बाबतीत जंत शिसं बाहेर काढत नाहीत, उलट ते आत यायला मदत करतात.

म्हणून मैत्रिणींनो, शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला जी गोळी देतात ती चुकवू नका. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ती वर्षातून दोनदा देतात. लहानग्यांना अर्धी, मोठ्यांना पूर्ण, ती अंगणवाडीताई आणि आशाताई बघून देतात. त्या दिवशी मूल आजारी असेल तर तसं सांगा, ते नंतर देतात. गरोदर बाईने आपल्या मनाने जंताची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारूनच. आणि मुलींच्या लोहाच्या गोळ्या, रोजच्या जेवणात पालेभाजी, बाजरी, नाचणी, मटकी, गूळ-शेंगदाणे, वर लिंबू पिळायची सवय, हे सगळं शिशाच्या विरुद्ध कुंपण घालण्यासारखं आहे. कुंपण घालायचं, संडासातून आल्यावर साबणाने हात धुवायचे, पायात चप्पल घालायची.

आता मासळीकडे येऊ. आपल्याकडे भिगवणची मासळी प्रसिद्ध आहे. रोहू, कटला, चिलापी, मरळ, शिवडा, वाम. कितीतरी जणींचा हा रोजचा धंदा आहे. मी मासळी खाऊ नका असं सांगायला इथं बसलेले नाही. मासळीतून प्रथिनं मिळतात आणि गरिबाच्या ताटात तेवढंच स्वस्त पडतं. पण चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. जंत आचेने मरतो, धातू मरत नाही. मासा नीट शिजवला, तळला की जंताची भीती गेली. पण शिसं, कॅडमियम, पारा उकळून, तळून, हळद-मीठ लावून जात नाहीत.

दोन. शिसं आणि कॅडमियम माशाच्या मांसात कमी आणि यकृत, मूत्रपिंड, कल्ले, आतडी यांत जास्त असतात. म्हणून मासा साफ करताना पोटातलं सगळं आणि कल्ले काढून टाका. बारीक मासळीही पोट दाबून, धुऊन घ्या.

तीन. पारा मांसात असतो, आणि दुसऱ्या माशांना खाणाऱ्या मोठ्या, म्हाताऱ्या माशात जास्त असतो. गरोदर बाईला आणि लहान मुलांना मोठा शिवडा, मोठी वाम यापेक्षा रोहू, कटला असे शेवाळ, बारीक किडे खाणारे मासे द्या, आणि मध्यम आकाराचे द्या.

चार. काढलेली आतडी आणि कल्ले कोंबड्यांपुढे टाकू नका, आणि काठावरच्या पाण्यातही टाकू नका. पाण्यात टाकलं की पाखरू ते खातं, जंताची अंडी पुन्हा पाण्यात, आणि चक्र सुरूच. खड्डा करून पुरा.

कोंबड्यांचंही तसंच आहे. गटातल्या बऱ्याच जणींनी परसातल्या कोंबड्या पाळल्या आहेत. कोंबडी म्हणजे घरातलं रानपाखरूच. दिवसभर माती उकरते आणि जे दिसेल ते टिपते. जुन्या रंगाची पोपडी, फुटलेल्या बॅटरीचे तुकडे, कचरा जाळलेल्या जागेची राख, या सगळ्यातून शिसं तिच्या पोटात जातं आणि अंड्यात उतरतं. मग ते अंडं आपण लेकराला ताकद यावी म्हणून उकडून देतो. तेव्हा जुन्या बॅटरीचं खोकं कापून त्यात कोंबड्यांना पाणी ठेवायचं बंद करा. कचरा जाळायची जागा खुराड्यापासून लांब ठेवा. आणि जंतांचं औषध कोंबड्यांनाही द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या. जंत काढलेली कोंबडी जास्त अंडी देते, हे तर गटातल्या कुणालाही विचारा.

अजून एक शिसं आपल्या घरात आहे, ते म्हणजे जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या. फेकायच्या जाळ्याच्या काठाला त्या ओवलेल्या असतात. तुटल्या की पाण्यात पडतात. पाखरं दाणा दळायला खडे गिळतात, त्यात या गोळ्याही गिळतात. पोटात त्या घासल्या जातात आणि शिसं रक्तात जातं. इंग्लंडमध्ये गळाच्या शिशाच्या वजनांमुळे हंस मरत होते. १९८७ साली तिथं बहुतेक छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली, आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. आपल्याकडे काय करता येईल? तुटक्या जाळ्यातल्या गोळ्या काढून डब्यात ठेवा, पाण्यात टाकू नका. कुणी घरी शिसं वितळवून गोळ्या ओतत असेल तर ते घरात, स्वयंपाकाच्या चुलीवर, लेकरांजवळ तर अजिबात नाही. त्याचा धूर आणि धूळ दोन्ही वाईट. गोळ्या हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. आणि त्या दातांनी दाबायच्या नाहीत, ही सवय घरातल्या पुरुषांना सांगा.

पण मैत्रिणींनो, घरात कितीही जपलं तरी मूळ दुखणं वरच्या बाजूला आहे. नदीत जे सोडलं जातं ते थांबल्याशिवाय गाळ साफ होणार नाही. तिथं एकटीने काही होत नाही, गटाने होतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट दिलं, शिकवलं. आपल्यातल्या काहीजणींनी ते काम केलंय. त्या किटवर क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, जंतू असं कळतं. पण शिसं, कॅडमियम, पारा त्या किटवर कळत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हा एक मुद्दा मांडा. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचा, बोअरचा, नळयोजनेचा जड धातूंचा अहवाल ग्रामपंचायतीने मागवावा आणि फलकावर लावावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याची नियमित तपासणी करतं, ते आकडे मागायचा आपल्याला हक्क आहे. पाण्याला फेस आला, रंग बदलला, मासे मेले तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि फोटो काढा. नुसतं 'पाणी खराब आहे' म्हटलं तर कुणी ऐकत नाही. तारीखवार नोंद असली की ऐकावं लागतं. आपण गटाचं रजिस्टर लिहितो ना, तसंच पाण्याचं एक रजिस्टर.

आणि काठावर मेलेलं किंवा लुळं पडलेलं पाखरू दिसलं तर हात लावू नका. ते घरी आणू नका, मुलांना खेळू देऊ नका. त्याला बर्ड फ्लूही असू शकतो. वनविभागाला कळवा. त्यांचा हॅलो फॉरेस्टचा नंबर १९२६ आहे. एकाच आठवड्यात, एकाच जागी दोन-चार पाखरं अशी दिसली तर ते जरूर कळवा. पाखरू पाण्यात दिवसभर उभं असतं. पाण्यात काय आलंय ते आपल्या आधी त्याच्या अंगावर दिसतं.

येत्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी करा. आपल्या गटातल्या किती मुलांनी मागच्या वेळी जंताची गोळी घेतली ते हात वर करून मोजा, आणि राहिलेल्यांची नावं आशाताईंना द्या. ज्या जणी मासळी विकतात त्यांनी आतडी-कल्ले पुरायची जागा ठरवा. आणि पाण्याच्या नोंदीचं रजिस्टर कोण लिहिणार त्या दोघींची नावं ठरवा. ते झालं की आम्हाला कळवा, पुढच्या भागात तुमच्या गावाचं नाव घेऊन सांगू.

आता थांबते. लाइट गेली नसेल तर मोटर बंद करायला विसरू नका. नमस्कार.